जिवाणूंतील लघु नियामक आरएनए

लघु नियामक आरएनए हे जिवाणूंच्या पेशीत आढळणारे, साधारणतः ५० ते ५०० न्यूक्लिओटाइड लांबीचे आरएनए रेणू होत. त्यांच्यापासून बहुधा कोणतेही प्रथिन तयार होत नाही. दुसऱ्या आरएनएशी किंवा एखाद्या प्रथिनाशी जोडले जाऊन ते इतर जनुकांचे काम वाढवतात, कमी करतात किंवा थांबवतात. जिवाणूने पोहत राहायचे की एका जागी चिकटून वसाहत करायची, यजमानाच्या शरीरात शिरल्यावर विषे व इतर आयुधे केव्हा बाहेर काढायची, या निर्णयांत अशा रेणूंचा मोठा वाटा असतो. त्यामुळे पटकी, विषमज्वर, प्लेग यांसारख्या मानवी रोगांच्या आणि भातावरील कडा करप्यासारख्या पीकरोगांच्या अभ्यासात त्यांना महत्त्व आले आहे.

पार्श्वभूमी

जनुकातील माहिती डीएनएवरून संदेशवाहक आरएनएवर उतरते आणि रायबोसोमवर तिचे प्रथिनात भाषांतर होते. हा क्रम स्पष्ट झाल्यानंतर बराच काळ आरएनएकडे केवळ निरोप्या म्हणून पाहिले गेले. जनुकांचे नियंत्रण प्रथिनेच करतात, असा समज त्या काळी रूढ होता. फ्रान्स्वा जाकॉब आणि जाक मोनो यांनी १९६१मध्ये मांडलेल्या प्रतिरूपात नियंत्रक रेणू आरएनए असावा असा तर्क सुरुवातीला होता. पुढे तो रेणू प्रथिन निघाला आणि आरएनएची शक्यता मागे पडली.

ती पुन्हा पुढे आली १९८४मध्ये. मिझुनो, चाऊ आणि इनोये यांनी एश्चेरिकिया कोलाय या आतड्यातील जिवाणूत ‘मिकएफ’ नावाचा छोटा आरएनए दाखवला. तो बाह्यपटलावरील ‘ओएमपीएफ’ या प्रथिनाच्या संदेशवाहक आरएनएशी जोडी जमवून त्या प्रथिनाची निर्मिती रोखतो. तरीही पुढची पंधरा-सोळा वर्षे असे रेणू अपवाद मानले जात होते. याचे एक कारण शोधाच्या पद्धतीत होते. जनुकांचा शोध उत्परिवर्तने घडवून घेतला जाई. छोट्या जनुकावर उत्परिवर्तन पडण्याची शक्यता मुळातच कमी असते आणि ते पडले तरी परिणाम बहुधा सौम्य असतो. २००१च्या सुमारास संपूर्ण जीनोमची तुलना करून दोन जनुकांमधल्या ‘रिकाम्या’ भागांचा शोध घेतला गेला, तेव्हा एकट्या ए. कोलायमध्ये असे डझनावारी रेणू सापडले. आज त्या जिवाणूतील ज्ञात लघु आरएनएंची संख्या शंभराच्या घरात आहे.

कार्यपद्धती

लघु आरएनए मुख्यतः दोन प्रकारे काम करतात.

पहिल्या प्रकारात लघु आरएनए लक्ष्य असलेल्या संदेशवाहक आरएनएशी थेट जोडी जमवतो. ही जोडी क्वचितच पूर्ण असते. सुरुवातीला सहा-सात न्यूक्लिओटाइडांचा एक छोटा पट्टा जुळतो आणि मग आजूबाजूचे तुकडे कमीअधिक प्रमाणात बसतात. रायबोसोम ज्या जागी बसतो ती जागा अशा जोडीखाली झाकली गेली, तर भाषांतर सुरूच होत नाही. उघडा पडलेला संदेशवाहक आरएनए मग आरएनेझ-ई या विकराच्या तावडीत सापडतो. उलटही घडते. काही संदेशवाहक आरएनए स्वतःवरच दुमडून रायबोसोमची जागा लपवून ठेवतात. लघु आरएनए त्या घडीच्या एका बाजूला जाऊन बसला की घडी उलगडते आणि भाषांतर सुरू होते. म्हणजे एकच लघु आरएनए एका जनुकाला दाबू शकतो आणि दुसऱ्याला चालना देऊ शकतो.

जोडी अपुरी असल्यामुळे तिला बहुधा साहाय्यक लागतो. एचएफक्यू हे सहा घटकांचे कडीसारखे प्रथिन ते काम करते. ते लघु आरएनएला विघटनापासून वाचवते आणि लक्ष्याशी त्याची गाठ घालून देते. एचएफक्यूचा शोध १९६८मध्ये वेगळ्याच संदर्भात लागला होता. क्यूबीटा या विषाणूला स्वतःच्या आरएनएची प्रत काढण्यासाठी जिवाणूकडून जे प्रथिन उसने घ्यावे लागते, ते हे. जिवाणूला स्वतःला ते कशासाठी लागते, हे समजायला आणखी तीन दशके गेली.

दुसऱ्या प्रकारात लघु आरएनए दुसऱ्या आरएनएला हातही लावत नाही. तो एखाद्या नियामक प्रथिनाला स्वतःकडे ओढून घेतो. याचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण म्हणजे सीएसआर प्रणाली. टोनी रोमिओ आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये ए. कोलायमधील सीएसआर-ए हे छोटे प्रथिन आणि १९९७मध्ये त्याला बांधून ठेवणारा सीएसआर-बी हा आरएनए वर्णिला. सीएसआर-ए शेकडो संदेशवाहक आरएनएंवर बसते. बसण्यासाठी त्याला ‘जीजीए’ हा क्रम असलेली छोटी वळणे लागतात. सीएसआर-बीवर अशी वळणे ओळीने असतात आणि एका सीएसआर-बी रेणूवर सीएसआर-एचे सुमारे अठरा घटक अडकून पडतात. पेशीत सीएसआर-बी वाढला की मोकळे सीएसआर-ए कमी होते आणि त्याच्या हुकमतीखालची सारी जनुके एकदम दिशा बदलतात. सीएसआर-सी हा दुसरा आरएनएही हेच काम करतो. स्यूडोमोनास आणि झँथोमोनास या गटांत सीएसआर-एच्या भावंड प्रथिनाला आरएसएम-ए म्हणतात.

नियंत्रण प्रथिनाऐवजी आरएनएकडे सोपवण्यात जिवाणूचा फायदा काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. छोटा आरएनए बनवण्यासाठी भाषांतराची पायरी लागत नाही, त्यामुळे वेळ व ऊर्जा वाचते. लक्ष्याबरोबर तो स्वतःही बहुधा नष्ट होतो, म्हणून कारण संपताच परिणामही लवकर संपतो. पाण्याच्या थेंबातून पानाच्या आत किंवा पिसवेतून माणसाच्या रक्तात काही क्षणांत जाऊन पडणाऱ्या जीवाला हा वेग उपयोगी पडतो.

हालचालीचे नियमन

पोहणाऱ्या जिवाणूंना एक किंवा अनेक कशाभिका असतात. कशाभिका म्हणजे पेशीबाहेर निघालेला लांब, मळसूत्री तंतू. तो पेशीपटलात बसवलेल्या चक्राने फिरतो आणि ते चक्र प्रोटॉनांच्या प्रवाहावर चालते. एका कशाभिकेत फ्लॅजेलिन या प्रथिनाचे सुमारे २०,००० घटक असतात. इतके प्रथिन बनवणे आणि वर चक्र फिरते ठेवणे हा जिवाणूच्या दृष्टीने मोठा खर्च आहे. शिवाय त्यात धोकाही आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशी टीएलआर-५ या ग्राहीने आणि अनेक वनस्पती एफएलएस-२ या ग्राहीने फ्लॅजेलिन ओळखतात आणि ते ओळखताच संरक्षण उभे करतात. उद्दिष्टापाशी पोहोचेपर्यंत कशाभिका हवी आणि पोहोचल्यावर ती शक्य तितक्या लवकर नाहीशी व्हावी, अशी ही कोंडी आहे.

ए. कोलायमध्ये कशाभिकेची पन्नासाहून अधिक जनुके उतरंडीने चालू होतात आणि त्या उतरंडीच्या माथ्यावर एफएलएच-डी व एफएलएच-सी ही प्रथिनांची जोडी असते. त्यांच्या सामाईक संदेशवाहक आरएनएच्या अग्रभागी जवळजवळ दोनशे न्यूक्लिओटाइडांचा असा पट्टा आहे, की ज्यातून प्रथिन बनत नाही. नियमनाची गर्दी याच पट्ट्यावर असते. निकोलस डी ले आणि सुसान गॉटेस्मन यांनी २०१२मध्ये दाखवले, की आर्कझेड, ओएमआर-ए, ओएमआर-बी आणि ऑक्सीएस हे चार लघु आरएनए या पट्ट्याशी जोडले जाऊन कशाभिकेची निर्मिती दाबतात, तर मॅकएस हा पाचवा तिला चालना देतो. यांतला प्रत्येक रेणू वेगळ्या परिस्थितीत तयार होतो. ऑक्सीएस पेरॉक्साइडच्या माऱ्यात वाढतो, ओएमआर जोडी क्षारांचे प्रमाण वाढल्यावर, आर्कझेड प्राणवायू मुबलक असताना आणि मॅकएस ग्लुकोज संपल्यावर.

मॅकएसचे वर्तन विशेष बोलके आहे. तो कशाभिका वाढवतो आणि त्याच वेळी सीएसजी-डी या नियामकाची निर्मिती रोखतो. सीएसजी-डी हे पेशींना एकमेकींना व पृष्ठभागाला चिकटवणारे तंतू बनवण्याचा आदेश देणारे प्रथिन आहे. अन्न संपले, म्हणून चिकटणे थांबवा आणि शोधाला निघा, असा दुहेरी आदेश एकाच रेणूतून निघतो. सीएसआर-ए याच पट्ट्यावर बसते, पण त्याचा परिणाम तिसऱ्याच मार्गाने होतो. ते तेथे बसल्यामुळे आरएनेझ-ईला कापायला जागा मिळत नाही आणि संदेशवाहक आरएनए टिकतो. म्हणून सीएसआर-ए नसलेले ए. कोलाय जवळजवळ पोहतच नाहीत.

पोहणे हा हालचालीचा एकमेव प्रकार नाही. अनेक जिवाणू चौथ्या प्रकारच्या लोमिका पुढे फेकतात, त्या पृष्ठभागाला अडकवतात आणि आत ओढून घेत स्वतःला पुढे सरकवतात. वनस्पतींच्या अरुंद जलवाहिन्यांत, जेथे पोहायला मोकळे पाणी मिळतेच असे नाही, तेथे ही पद्धत महत्त्वाची ठरते.

रोगकारकतेचे नियमन

रोगकारकता म्हणजे यजमानाला रोग जडवण्याची क्षमता. तिच्यात विषे, पेशीला चिकटण्याची साधने, तसेच प्रथिने थेट यजमानाच्या पेशीत टोचणारी सुईसारखी यंत्रणा (हिला तिसऱ्या प्रकारची स्रावप्रणाली म्हणतात) यांचा समावेश होतो.

विषमज्वर व अन्नविषबाधेस कारणीभूत असलेल्या साल्मोनेलात हालचाल आणि आक्रमण यांचा सांधा सीएसआर प्रणालीत दिसतो. आतड्यात पोहोचल्यावर बार-ए व सिर-ए ही संवेदक जोडी जागी होते आणि सीएसआर-बी व सीएसआर-सी वाढवते. मोकळे सीएसआर-ए कमी होते. एरवी ते हिल-डी या आक्रमणाच्या सूत्रधार प्रथिनाचे भाषांतर रोखून धरत असते. तो अडथळा दूर होतो आणि टोचणी यंत्रणा उभी राहते. कशाभिकेला मिळणारा सीएसआर-एचा आधारही त्याच वेळी कमी होतो.

यावरून ‘लघु आरएनए वाढले की रोगकारकता वाढते’ असा नियम काढणे मात्र चुकीचे ठरेल. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा भाजलेल्या जखमांत आणि फुप्फुसांत वाढणारा जिवाणू घेतला, तर चित्र उलटे दिसते. तेथे मोकळे आरएसएम-ए असते तेव्हा टोचणी यंत्रणा चालू राहते आणि तीव्र संसर्ग होतो. आरएसएम-वाय व आरएसएम-झेड हे लघु आरएनए त्याला बांधून ठेवतात, तेव्हा जिवाणू चिकट जैवपटल बनवून दीर्घकाळ ठाण मांडतो. प्रणाली तीच आणि रेणूंचे नातेही तेच, पण जोडलेली जनुके वेगळी असल्यामुळे परिणाम वेगळा. पाठ्यपुस्तकांत या प्रणालीचे एकच चित्र देण्याची प्रथा आहे, तिने हा भेद झाकला जातो.

पटकीचा जिवाणू व्हिब्रिओ कॉलरी गणसंवेदनासाठी चार लघु आरएनए वापरतो. गणसंवेदन म्हणजे आपल्यासारख्या पेशी आसपास किती आहेत याचा जिवाणूने रासायनिक संकेतांवरून घेतलेला अंदाज. बॉनी बॅसलर यांच्या प्रिन्स्टन येथील प्रयोगशाळेने २००४मध्ये हे चार क्यूआरआर आरएनए वर्णिले. पेशी विरळ असताना ते तयार होतात आणि एचएफक्यूच्या मदतीने हॅप-आर या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए नष्ट करतात. हॅप-आर नसले की विष आणि चिकटण्याच्या लोमिका तयार होतात. पेशींची दाटी झाली की क्यूआरआर थांबतात, हॅप-आर वाढते, विषनिर्मिती बंद पडते आणि जिवाणू आतड्यापासून सुटून जुलाबावाटे बाहेर पडतो. बहुतेक रोगजंतू संख्याबळ जमल्यावर हल्ला चढवतात. पटकीचा जिवाणू थोडे असताना हल्ला करतो आणि गर्दी झाल्यावर निघून जातो. हा रोग पाण्यातून झपाट्याने पसरतो, हे लक्षात घेता त्यात विसंगती दिसत नाही.

गळवे करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूला कशाभिका नसते, म्हणून हालचालीचा प्रश्न येत नाही. तरी त्याचा ‘आरएनए-तीन’ येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण रोगकारकतेचा नियामक म्हणून प्रथम ओळखल्या गेलेल्या आरएनएंत तो मोडतो. रिचर्ड नोविक आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये त्याचे कार्य दाखवले. त्याची लांबी ५१४ न्यूक्लिओटाइड आहे आणि त्याच्यापासून एक छोटे विषही बनते. म्हणजे तो नियामकही आहे आणि संदेशवाहकही. वर दिलेल्या व्याख्येतला ‘बहुधा’ हा शब्द अशाच रेणूंसाठी आहे.

भातावरील कडा करपा

पुणे जिल्ह्यातील वेल्हे (आता राजगड) आणि भोर हे तालुके सह्याद्रीला लागून आहेत. कानंद, गुंजवणी व नीरा यांच्या खोऱ्यांतील खाचरांत पावसाळ्यात लावणीचे भात घेतले जाते. आंबेमोहोर हे या पट्ट्यातले जुने सुवासिक भात. आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात निघालेली इंद्रायणी आज तेथे मोठ्या प्रमाणावर लावली जाते. उष्ण-दमट हवा, सतत भिजलेली पाने आणि एका खाचरातून दुसऱ्यात उतरणारे पाणी, ही अशा प्रदेशातली परिस्थिती झँथोमोनास ओरायझी या पिवळ्या जिवाणूच्या पथ्यावर पडते. त्याच्या ओरायझी याच नावाच्या उपप्रकारामुळे कडा करपा हा रोग होतो. तीव्र प्रादुर्भावात निम्म्यापर्यंत उत्पन्न बुडू शकते.

भारतातील या रोगाची पहिली नोंद महाराष्ट्रातलीच आहे. १९५१मध्ये तो तत्कालीन कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात दिसल्याचे सांगितले जाते. श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल यांनी १९५९मध्ये तो ‘करंट सायन्स’मधून प्रसिद्ध केला. यांतील म. का. पटेल म्हणून ओळखले जाणारे वनस्पतिरोगतज्ज्ञ हे भारतातील वनस्पती-जिवाणुशास्त्राचे आद्य अभ्यासक मानले जातात. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी झँथोमोनासचे अनेक प्रकार वर्णिले. तिरुमलाचार यांचे काम पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये झाले. पिकांवरील जिवाणुजन्य रोगांसाठी शेतकरी वापरतात ते स्ट्रेप्टोसायक्लिन हे स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण याच कारखान्याचे. कडा करप्यावर त्याचा परिणाम भरवशाचा नाही आणि प्रतिजैविके शेतात फवारल्याने प्रतिकारक्षम जिवाणू वाढण्याची भीती आहेच. त्यामुळे जिवाणूला न मारता त्याची रोगकारकता मोडण्याचा मार्ग शोधण्याला येथे प्रत्यक्ष महत्त्व आहे.

रोगाचे नावच त्याच्या मार्गाची खूण आहे. भाताच्या पानाच्या कडेला व टोकाला जलरंध्रे असतात. पहाटे पानाच्या कडेवर जे थेंब दिसतात ते या रंध्रांतून पाझरलेले असतात. एका टोकाला एकच कशाभिका असलेला हा जिवाणू त्या थेंबात पोहतो आणि थेंब आत ओढला जाताना त्याच्याबरोबर जलवाहिनीत शिरतो. म्हणून करपा कडेपासून सुरू होतो आणि नागमोडी, पेंढ्याच्या रंगाच्या पट्ट्याने आत व खाली सरकतो. वाहिनीत पोहोचल्यावर पोहण्याची गरज संपते. तेथे तो बहुशर्करेचा चिकट थर बनवतो, टोचणी यंत्रणा उभारतो आणि भाताच्या पेशीत ‘टॅल’ गटातील प्रथिने सोडतो. त्यांतील एक प्रथिन भाताचे शर्करावाहक जनुक चालू करते आणि वनस्पतीलाच आपल्यासाठी साखर वाढायला लावते. रोगट पानाचा तुकडा कापून पाण्याच्या पेल्यात धरला, तर कापलेल्या कडेतून जिवाणूंचा दुधट धूर पाण्यात उतरताना दिसतो. ही चाचणी शेताच्या बांधावरही करता येते.

पोहण्याकडून ठाण मांडण्याकडे होणारा हा बदल कोण घडवतो? त्यात अनेक थर आहेत. डीएसएफ या विसरणशील संकेतद्रव्याने जिवाणू एकमेकांची दखल घेतात. सुभद्दीप चॅटर्जी आणि रमेश सोंटी यांनी हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात केलेल्या, २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असे दिसले, की या संकेताचे आरपीएफ-एफ जनुक बिघडलेल्या कडा करप्याच्या जिवाणूची रोगकारकता घटते आणि लोह कमी असताना त्याची वाढही खुंटते. आरएनएच्या थरावर आरएसएम-ए हे प्रथिन आहे. ते काढून टाकल्यास जिवाणू भातावर रोग घडवू शकत नाही. २०११मध्ये चिनी संशोधकांनी याच जिवाणूत आठ लघु आरएनए शोधून काढले. त्यांतील सर्वांचे नेमके लक्ष्य अद्याप ठरलेले नाही.

झँथोमोनास कुळातील सर्वांत नीट समजलेला लघु आरएनए भातावरचा नसून मिरचीवरच्या भावंड जिवाणूतला आहे. एसएक्स-१३ हे त्याचे नाव. जर्मनीतील हाले विद्यापीठातील उला बोनास यांच्या गटाने २०१३मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. त्याच्या वळणांवर सायटोसीन भरपूर असतात आणि त्यांच्या आधारे तो ग्वानीन भरपूर असलेल्या संदेशवाहक आरएनएंना धरतो. तो काढून टाकला, तर मिरचीच्या पानावर रोगाची लक्षणे उशिरा येतात, टोचणी यंत्रणेची जनुके मंदावतात आणि संकेतवहन व हालचाल यांच्याशी संबंधित जनुकांचीही पातळी बदलते. या जिवाणूत एचएफक्यू काढून टाकल्यानेही रोगकारकता फारशी ढळत नाही. ए. कोलायमध्ये जे साहाय्यक प्रथिन अपरिहार्य वाटते, त्याच्यावाचून येथे काम चालते. म्हणून ए. कोलायवरील निष्कर्ष पीकरोगांच्या जिवाणूंना जसेच्या तसे लावता येत नाहीत.

एसएक्स-१३ची पातळी नत्र कमी असताना वाढते. दुसरीकडे, युरिया जास्त घातलेल्या भातात कडा करपा अधिक येतो, हा शेतकऱ्यांचा व कृषी विभागाचा जुना अनुभव आहे. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटल्या तरी त्यांचा संबंध जोडणे घाईचे होईल. पहिली नोंद प्रयोगशाळेतील माध्यमात वाढवलेल्या जिवाणूची आहे. दुसरी मऊ, दाट वाढलेल्या पिकाची आहे आणि त्या पिकात ओलावा टिकतो, पानेही एकमेकांवर घासतात.

प्रत्यक्षात कडा करप्यावर आतापर्यंतचा भक्कम उपाय भाताच्या बाजूने आला आहे. आफ्रिकेतील रानभातातून मिळालेले एक्सए-२१ आणि त्याच्या जोडीला एक्सए-१३ व एक्सए-५ ही प्रतिकारक जनुके सांबा मसुरी या जातीत आणून हैदराबादच्या दोन संस्थांनी सुधारित सांबा मसुरी तयार केली. ती २००८मध्ये लागवडीसाठी प्रसारित झाली.

प्लेगचा जिवाणू : हालचाल गमावलेला रोगजंतू

हालचाल आणि रोगकारकता यांच्या संबंधातले टोकाचे उदाहरणही महाराष्ट्राच्या इतिहासाशी जोडलेले आहे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले. पुढील काही महिन्यांत साथ पुण्यात आली. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचा रुग्णांची शुश्रूषा करताना प्लेगनेच मृत्यू झाला. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. पिसवांमुळे हा रोग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत दाखवले.

प्लेगचा यर्सिनिया पेस्टिस हा यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलॉसिस या आतड्याच्या तुलनेने सौम्य जिवाणूपासून उत्क्रांत झाला. पूर्वज थंड वातावरणात पोहतो. वंशज कोणत्याच तापमानाला पोहत नाही, कारण त्याच्या एफएलएच-डी जनुकात एक न्यूक्लिओटाइड जास्तीचे घुसून वाचनाची चौकट बिघडली आहे. म्हणजे ए. कोलायमध्ये ज्या जनुकावर पाच-पाच लघु आरएनए राखण करतात, तेच येथे कायमचे मोडले आहे. पिसू त्याला यजमानाच्या रक्तापर्यंत पोहोचवते, त्यामुळे पोहण्यावाचून त्याचे अडत नाही.

आरएनएच्या द्वारे होणारे नियमन मात्र त्याने टाकलेले नाही. एचएफक्यू काढल्यास त्याची रोगकारकता बरीच घटते. २०११मध्ये पूर्वज जिवाणूत दीडशे लघु आरएनए सापडले. त्यांतील वायएसआर-३५ हा काढून टाकल्यावर पूर्वज आणि प्लेगचा जिवाणू या दोघांचीही रोगकारकता कमी झाली. पिसवेच्या शरीरातून माणसाच्या ३७ अंशांच्या रक्तात आल्याची खबर त्याला आणखी एका आरएनएमार्फत मिळते. एलसीआर-एफ या नियामकाचा संदेशवाहक आरएनए थंडीत चार युरॅसिलांच्या पट्ट्याने स्वतःलाच शिवून घेतो. शरीराच्या उष्णतेने ती शिवण सुटते, भाषांतर सुरू होते आणि टोचणी यंत्रणा तयार होऊ लागते. अशा रचनेला आरएनए तापमापक म्हणतात. तो संदेशवाहक आरएनएचाच भाग असतो, स्वतंत्र रेणू नसतो. त्यामुळे काटेकोर अर्थाने तो लघु नियामक आरएनएंत मोडत नाही, जरी दोन्हींची चर्चा एकत्र केली जाते.

अभ्यासातील अडचणी

लघु आरएनएचे जनुक काढून टाकल्यावर दिसणारा परिणाम अनेकदा इतका थोडा असतो, की तो प्रयोगाच्या नेहमीच्या चढउतारात हरवतो. एकच काम दोन-तीन आरएनए वाटून घेत असतील, तर एकाला काढून काहीच दिसत नाही. व्हिब्रिओ कॉलरीमध्ये चारही क्यूआरआर एकदम काढावे लागले, तेव्हा फरक दिसला. संगणकाने सुचवलेली लक्ष्ये अनेकदा खोटी ठरतात. म्हणून जोडीतील एका बाजूचा क्रम बदलून ती तोडायची आणि दुसऱ्या बाजूचा क्रम तसाच बदलून ती पुन्हा जुळवायची, हा पुरावा आता आवश्यक मानला जातो. लघु आरएनएंना निष्प्रभ करणारी औषधे बनवण्याच्या कल्पना मांडल्या जातात. मात्र त्यांसाठी लागणारे रेणू जिवाणूच्या दुहेरी पटलातून आत पोहोचवणे अवघड आहे आणि शेतावर वापरता येईल असे उत्पादन अजून झालेले नाही.

कडा करप्याच्या बाबतीत एक अडचण प्रयोगाच्या पद्धतीतूनच येते. भाताच्या जातीची रोगप्रतिकारकता किंवा जिवाणूची रोगकारकता मोजण्यासाठी १९७३पासून एक सोपी रीत सर्वत्र वापरली जाते. कात्री जिवाणूंच्या द्रावणात बुडवायची, तिने पानाचे टोक कापायचे आणि दोन आठवड्यांनी करप्याची लांबी मोजायची. या रीतीत जिवाणू थेट कापलेल्या जलवाहिनीत उतरतो. थेंबातून जलरंध्रापर्यंत पोहण्याचा टप्पा त्यात येतच नाही. त्यामुळे हालचाल मंदावलेला जिवाणूही अशा चाचणीत धडधाकट ठरू शकतो आणि हालचालीवर परिणाम करणारा एखादा लघु आरएनए ‘रोगाशी संबंध नाही’ म्हणून बाजूला पडू शकतो. तोच जिवाणू पानावर फवारून किंवा पान द्रावणात बुडवून दिल्यास फरक उघड होण्याची शक्यता अधिक असते. लावणीच्या वेळी उंच झालेल्या रोपांचे शेंडे खुडू नयेत, असा सल्ला कृषी विस्तार कार्यकर्ते भात उत्पादकांना देतात. त्यामागचे कारणही हेच आहे. खुडलेला शेंडा जिवाणूला पोहण्यावाचून आत जाण्याची वाट करून देतो.